कुलूप नसलेली भेट

(मार्च १९९५च्या दहावीच्या सर्व तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा तंत्रज्ञानावर बोल. पण समजेल असं बोल, आणि आटोपतं घे, कारण तुझ्यानंतर जेवण आहे." त्यामुळे घड्याळ समोर ठेवूनच उभी राहिले आहे.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत जेवणानंतरचा पहिला विषय आहे ‘शाळेला भेट’. संगणक कक्षासाठी आपण सगळ्यांनी मिळून निधी जमवला. त्यातून काय घ्यायचं, याचे दोन प्रस्ताव आहेत. पहिला प्रस्ताव म्हणजे टॅबलेट, आणि त्यात सगळे विषय भरलेलं एक शैक्षणिक ॲप, तीन वर्षांची वर्गणी आगाऊ भरून. दुसरा म्हणजे साधे टेबलावरचे संगणक, त्यांवर लिनक्स आणि बाकीचं मुक्त सॉफ्टवेअर, आणि ते सांभाळायला एक माणूस. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूची आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी गोड गोड बोलत असताना तुम्ही सावध असाल.

या धंद्यात वीसहून जास्त वर्षं काढल्यावर माझी एक सवय झाली आहे. नवीन काही समोर आलं की मी त्याचा वेग, पडदा, किंमत हे नंतर बघते. आधी दोन प्रश्न विचारते. पहिला, ही वस्तू उघडून आत बघता येते का? दुसरा, हिला सांभाळतं कोण? आजचं माझं सगळं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे.

जूनमधली जुनी पुस्तकं

ओपन सोर्स म्हणजे काय, हे समजवायला मला आपल्या शाळेइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. जून महिना आठवा. पुढच्या वर्गात गेलेल्या मुलाकडून आपण अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायचो. त्या पुस्तकात महत्त्वाच्या ओळींखाली रेघा असायच्या. गणिताच्या पुस्तकात मागे छापलेलं एखादं उत्तर चुकलेलं असेल, तर आधीच्या मुलानं ते पेन्सिलीनं खोडून बरोबर उत्तर लिहिलेलं असायचं. त्यासाठी त्यानं कुणाची परवानगी घेतली नव्हती. पुस्तक त्याचं होतं. आपण त्यात आपल्या दोन रेघा वाढवायचो आणि वर्षाअखेर पुढच्याला द्यायचो. पुस्तक जुनं होत जायचं, पण चांगलंही होत जायचं.

सॉफ्टवेअरचंही एक पुस्तक असतं. माणसानं लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. त्याला आम्ही सोर्स म्हणतो. बहुतेक कंपन्या तो मजकूर तिजोरीत ठेवतात आणि आपल्याला फक्त चालणारं यंत्र देतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसानं १९८३ मध्ये जाहीर केलं की असं नको, वापरणाऱ्याला मजकूर वाचता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, दुसऱ्याला देता आला पाहिजे. १९८९ मध्ये त्यानं त्यासाठी एक परवाना लिहिला. त्यातली मुख्य अट आपल्या भाषेत सांगायची तर अशी: तू दुरुस्ती केलीस आणि पुस्तक पुढे दिलंस, तर ती दुरुस्तीही दे, आणि पुढच्यालाही हाच हक्क दे. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं आणि लवकरच ते याच अटीवर दिलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आज तेच लिनक्स आहे.

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दानं मोठा घोळ घातला आहे. आपल्याकडे सुदैवानं दोन शब्द आहेत, ‘फुकट’ आणि ‘मुक्त’. फुकट मिळालेली वस्तू मुक्त असतेच असं नाही, आणि मुक्त वस्तूला पैसे लागत नाहीत असंही नाही. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मी चर्चा संपते.

त्याचं एक उदाहरण लिनक्सच्याच घरात घडलं. लिनक्सवर जगभरातले शेकडो लोक एकाच वेळी काम करतात. कुणी काय बदललं याचा हिशेब ठेवायला ते बिटकीपर नावाचं एक साधन वापरत. ते एका कंपनीचं होतं. लिनक्सवाल्यांना ती ते फुकट देत असे, पण त्याचा मजकूर बंद होता. एप्रिल २००५ मध्ये मतभेद झाले आणि कंपनीनं फुकट वापराची सवलत काढून घेतली. तो तिचा हक्कच होता. टोरवाल्ड्सनं मग काही दिवसांत स्वतःचं साधन लिहून काढलं आणि ते मुक्त ठेवलं. त्याचं नाव गिट. आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर रोज सकाळी काम सुरू करतात ते गिटवर. फुकट होतं ते एका पत्रानं गेलं. मुक्त आहे ते वीस वर्षांनंतरही आहे.

कॅसेटवाला व्हिडिओ गेम

आता तुमच्या आवडीचा विषय. टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आठवतो ना? पिवळी-काळी कॅसेट घालायची, चाललं नाही तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत तेच दहा-बारा खेळ फिरूनफिरून यायचे. जपानमध्ये निन्टेन्डोनं १९८३ मध्ये जे यंत्र काढलं, त्याच्या नकला आपल्याकडे आल्या होत्या. कॅसेटीही बहुतेक चोरीच्याच. म्हणजे आपण खेळलो ते ना धड फुकट होतं, ना मुक्त.

तरी त्यातही ‘आत बघण्याची’ एक गोष्ट होती. कॉन्ट्रामध्ये तीस जीव मिळवायची युक्ती इथल्या अनेकांना अजून तोंडपाठ असेल: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं आणि मग दोन बटणं. ती युक्ती मुळात आली कुठून? कोनामी कंपनीतला काझुहिसा हाशिमोतो हा प्रोग्रॅमर ‘ग्रेडियस’ नावाचा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करत होता. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळायला हवा, पण त्याला स्वतःलाच तो फार अवघड जात होता. म्हणून त्यानं स्वतःच्या सोयीसाठी एक चोरदरवाजा ठेवला, आणि तो तसाच बाजारात गेला. आपल्याला तीस जिवांचा आनंद झाला त्याहून मोठी गोष्ट ही होती की, हा खेळ कुणा माणसानं बनवला आहे आणि त्याला आतून दार आहे, हे काही मुलांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

‘काही मुलांच्या’ म्हणते, कारण गावातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मुली जात नसत. घरातही रिमोट भावाच्या हातात असायचा. ही तक्रार म्हणून नाही सांगत, याचा परिणाम मोजला गेला आहे म्हणून सांगते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली फक्त ७ टक्के होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी बोलून कारणं शोधली. एक कारण असं निघालं की घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असायचा. तो लहानपणीच उघडून, मोडून, जोडून तयार होऊन यायचा, आणि मुलीला वर्गात पहिल्या दिवशी वाटायचं की हे आपलं क्षेत्रच नाही. विद्यापीठानं प्रवेशाचे निकष आणि सुरुवातीचे अभ्यासक्रम बदलले. २००० साली मुली ४२ टक्के होत्या. पाच वर्षांत मुलींची बुद्धी वाढली नव्हती, फक्त दार उघडलं होतं.

विकत घेतलेलं कुणाचं असतं?

आपल्या कॅसेटी चोरीच्या होत्या, पण एका बाबतीत त्या आजच्या महागड्या खेळांपेक्षा बऱ्या होत्या. माळ्यावर एखादी सापडली, यंत्र चालू असलं, तर आजही खेळता येईल.

‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ युबिसॉफ्ट कंपनीनं डिसेंबर २०१४ मध्ये आणला. लोकांनी तो पूर्ण किंमत मोजून घेतला. तो सतत कंपनीच्या सर्व्हरशी बोलत असे, एकट्यानं खेळतानासुद्धा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि खेळ संपला. डिस्क कपाटात आहे, पण ती आता बशीखाली ठेवायच्या कामाची. यावरून रॉस स्कॉट नावाच्या एका यूट्यूबरनं मोहीम सुरू केली: बंद करायचं तर करा, पण विकत घेणाऱ्याला चालवता येईल अशा स्थितीत सोडून जा. युरोपात त्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की, डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर तुम्ही वस्तू नव्हे, फक्त वापराचा परवाना घेत आहात, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल.

याच्या उलट गोष्ट ‘डूम’ची. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये ज्यांनी रात्री जागवल्या त्यांना हे नाव सांगायला नको. डूम आला डिसेंबर १९९३ मध्ये. बनवणाऱ्यांनी खेळाचं इंजिन आणि त्यातले नकाशे-चित्रं वेगळ्या फायलींत ठेवली होती, त्यामुळे खेळणारे स्वतःचे नकाशे करू लागले. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांनी इंजिनाचा मजकूरच जगाला वाचायला दिला, आणि १९९९ मध्ये तो स्टॉलमनच्याच परवान्याखाली आला. आज बत्तीस वर्षांनंतरही लोक डूम खेळतात, त्याचे नवे नकाशे करतात. कुणी तो कॅल्क्युलेटरवर चालवला, कुणी प्रिंटरवर, कुणी ट्रॅक्टरच्या पडद्यावर. थट्टा म्हणून केलेलं असतं हे, पण त्या थट्टेत मुलं प्रोसेसर म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, हे शिकून जातात. द क्रू दहा वर्षं जगला नाही, डूमला मरण नाही. डूम जास्त चांगला खेळ होता म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. त्याची किल्ली पुष्कळांकडे होती म्हणून झालं.

इथे बसलेले आईवडील मला नेहमी विचारतात, "मुलं सारखी गेम खेळतात, किती तास चालेल?" तासांचा हिशेब ठेवायलाच हवा, झोप आणि अभ्यास सोडून कुठलंच काही चांगलं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तोही मला योग्य वाटतो. पण तासांच्या आधी खेळाकडे बघा. हा खेळ संपतो का, की संपूच नये म्हणून बनवला आहे? दर दहा मिनिटांनी पेटी उघडायला, रत्नं घ्यायला पैसे मागतो का? आणि तुमचं मूल त्यात काही बदलू शकतं का, काही बनवू शकतं का? एमआयटीनं २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ आणलं. ठोकळे जोडून त्यात मुलं स्वतःचे खेळ बनवतात. तिथे दुसऱ्या कुणाचाही खेळ उघडला की त्यावर एक बटण असतं, ‘आत बघा’. ते दाबलं की खेळाचे सगळे ठोकळे समोर. माझ्या मते मुलांच्या तंत्रज्ञानातलं सगळ्यात चांगलं बटण हेच आहे. ते ज्या खेळात आहे तिथे तुमचं मूल रमलं असेल, तर अर्धा तास जास्त गेला म्हणून आभाळ कोसळत नाही.

आचारी आणि आचार्य

काहींना वाटेल की हे खेळांचं ठीक आहे, पण आपल्याला त्याचं काय? तर ही स्मरणिका घ्या. आपल्या काळातल्या शाळेच्या अंकांचं काम ज्यांनी केलं, त्यांना आठवत असेल की तेव्हाचे मराठी फॉन्ट एकमेकांशी बोलत नसत. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फायलीत तो इंग्रजी अक्षर म्हणून साठवलेला असायचा. तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच मराठी, नाहीतर नुसतं कडबोळं. असे किती अंक, किती गावांचे इतिहास, किती संस्थांची इतिवृत्तं आज फायलीत आहेत पण वाचता येत नाहीत. फॉन्ट विकणारा दुकान बंद करून गेला की आपली अक्षरंही घेऊन गेला.

युनिकोडमुळे हे सुटलं, कारण त्यात अक्षराचा क्रमांक सगळ्या जगात एकच आणि यादी सगळ्यांना खुली. पण नुसत्या क्रमांकानं भागत नाही. आज जेवणाचे पैसे आपल्याला ‘आचाऱ्यांना’ द्यायचे आहेत, ‘आचार्यांना’ नाही. हा फरक मराठीत ‘र’च्या दोन रूपांवर आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. आपला ‘ल’ आणि ‘श’ही हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. हे सगळं पडद्यावर नीट जुळवून मांडण्याचं काम हार्फबझ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइडमध्ये तेच, क्रोममध्ये तेच, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्येही तेच. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्टही मुक्त परवान्यावर आहेत, कुणीही वापरावेत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसचे मराठी मेनू स्वयंसेवकांनी संध्याकाळी घरी बसून भाषांतरित केले.

कंपनी विचारते, या भाषेतून किती पैसे येतील? तो तिचा धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. पण उत्तर ‘फारसे नाहीत’ असं आलं, तर आपल्या ‘ऱ्या’चं काय? मजकूर उघडा असेल, तर आपल्यातलाच कुणीतरी उठून तो दुरुस्त करू शकतो. बंद असेल तर अर्ज करायचा आणि वाट बघायची. मला मुक्त सॉफ्टवेअरचं महत्त्व कुठल्या पुस्तकातून नाही पटलं, ते इथे पटलं.

सांभाळतं कोण?

आता दुसरा प्रश्न. इथे मी माझ्याच बाजूवर थोडी टीका करणार आहे, कारण मुक्त सॉफ्टवेअरचे भक्त हा भाग पटकन उरकतात.

गावाच्या विहिरीचं जे होतं तेच याचंही होतं. पाणी सगळे भरतात, गाळ काढायला कुणी येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठं भोक सापडलं. बँकांपासून सगळ्यांचे व्यवहार ज्या कुलपामागे सुरक्षित असतात ते हे कुलूप. तेव्हा जगाला कळलं की त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती.

मार्च २०२४ ची गोष्ट तर कादंबरीसारखी आहे. ‘एक्सझेड’ नावाचं फायली आवळून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्स यंत्रांत असतं. फिनलंडमधला एक माणूस ते वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळत होता. कामाचा रेटा वाढला होता, त्यात अनोळखी नावांनी त्याला मेल येऊ लागले: काम हळू चाललंय, दुसऱ्याला हातात द्या. त्याच सुमारास एक मदतनीस पुढे आला. नम्र, कष्टाळू. दोनेक वर्षं त्यानं नीट काम केलं, विश्वास मिळवला, हातात किल्ल्या आल्या, आणि मग त्यानं हळूच आत एक चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पोचला असता, तर जगातल्या असंख्य सर्व्हरची दारं एका अज्ञात टोळक्याला उघडी झाली असती. पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याच्या लक्षात आलं की आपल्या यंत्रावर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं, नेट स्लो आहे. तो माणूस खणत गेला. मजकूर उघडा होता म्हणून त्याला खणता आलं, आणि २९ मार्चला त्यानं ते जाहीर केलं.

या गोष्टीतून दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीचं तात्पर्य काढतात. एक म्हणतात, बघा, मुक्त सॉफ्टवेअर किती धोक्याचं! दुसरे म्हणतात, बघा, मुक्त होतं म्हणून पकडलं! मला तिसरंच दिसतं. चोर शिरला तो मजकूर उघडा होता म्हणून नव्हे. राखणदार एकटा होता आणि थकला होता म्हणून शिरला. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण खरी आहे, पण त्यासाठी गावानं यावं लागतं. आपल्या देशातले लाखो इंजिनिअर मुक्त सॉफ्टवेअरवर पोट भरतात. त्यातले परत काही देणारे मात्र मोजके. कंपनीच्या भिंतीवर ‘इनोव्हेशन’ लिहिलेलं असतं, पण आपण जे रोज वापरतो ते सांभाळणाऱ्याला वर्षातून एक दिवस द्यायचा म्हटलं तर परवानगीच्या तीन सह्या लागतात. या आमच्या संस्कृतीबद्दल मला अभिमान वाटत नाही.

मग शाळेला काय द्यायचं?

आता परत आपल्या दोन प्रस्तावांकडे. टॅबलेट आणि ॲप देऊया म्हणणारे माझे मित्र चुकीच्या हेतूनं म्हणत नाहीत. बटण दाबलं की सुरू होतं, शिक्षकांना त्रास नाही, उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो. पण माझे दोन प्रश्न लावून बघा. आत बघता येतं का? नाही. मूल त्यात एक ओळ बदलू शकत नाही, पुढचा व्हिडिओ दाबण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही. सांभाळतं कोण? कंपनी, आणि तेही वर्गणी आहे तोवर. चौथ्या वर्षी एकतर शाळेनं पैसे भरायचे, नाहीतर टॅबलेट कपाटात जायचे. आपण शाळेला भेट देत नाही आहोत, तीन वर्षांचं भाडं देत आहोत.

दुसऱ्या प्रस्तावाला यंत्रं स्वस्तात मिळण्याची ही वेळ आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावरचे बरेच संगणक नव्या विंडोजच्या अटींत बसत नाहीत, म्हणून कार्यालयं ते काढून टाकत आहेत. यंत्रं धडधाकट आहेत. त्यांवर लिनक्स उत्तम चालतं. त्यात लिबरऑफिस, स्क्रॅच, आणि मोठ्या मुलांना खरे खेळ बनवायला गोडो नावाचं मुक्त इंजिन टाकता येईल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतून आहेत, तेही मोफत.

आता तुमचे आक्षेप. "नोकरीत मुलांना दुसरंच लागेल." लागू दे. आपण शाळेत जे संगणक दुरून बघितले, त्यावरचं आज काहीच उरलेलं नाही. ज्याला एक यंत्र आतून कळलं, तो दुसरं आठवड्यात शिकतो. "हे मराठी शाळेत कुठे जमणार?" केरळकडे बघा. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरच चालतं. त्यांच्या राज्य संस्थेनं स्वतःचं लिनक्स बांधलं आहे, मल्याळमसकट. "बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या प्रस्तावात एक माणूस आहे. निधीचा मोठा वाटा मी यंत्रांवर नाही, त्या माणसावर घालायला सांगते. गावातल्याच एखाद्या पदवीधर मुलाला किंवा मुलीला दरमहा मानधन द्यायचं. यंत्रं चालू ठेवणं, शाळा सुटल्यावर दोन तास कक्ष उघडा ठेवणं आणि त्यातले आठवड्याचे दोन दिवस फक्त मुलींसाठी राखणं, एवढं काम. आपल्यातले जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी पाळीनं महिन्यातून एक शनिवार फोनवर हजर राहायचं. माझं नाव त्या यादीत पहिलं लिहा.

आणि ज्यांना संगणकातलं काही येत नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. मराठी विकिस्रोतावर जुनी, हक्कमुक्त झालेली पुस्तकं टंकून तपासायला माणसं हवी असतात. आपल्या मराठीच्या बाईंनी लाल शाईनं जे ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, त्याचा तिथे उपयोग होईल. तो धडा वाया गेला नाही हे बाईंनाही कळेल.

भेट देणारे आपण इथून संध्याकाळी निघून जाणार. वस्तू इथे राहणार. पाच वर्षांनी आठवीतली एखादी मुलगी त्या कक्षात बसलेली असेल. तिला आपली नावं माहीत नसतील, भिंतीवरच्या फलकाकडे तिचं लक्षही नसेल. समोरचा खेळ असा का वागतो, म्हणून तिनं ‘आत बघा’ हे बटण दाबलं, तर आत काहीतरी दिसलं पाहिजे, आणि अडली तर विचारायला कुणीतरी तिथे असलं पाहिजे. जेवणानंतर हात वर करताना तेवढं डोळ्यांसमोर ठेवा.

आचारी मघापासून दारातून बघताहेत. थांबते.